कपाटसाहेबांची ओळख

आमच्या घरात एक माणूस असा आहे, की त्याला 'आज रविवार आहे' असं सांगितलं तरी तो आधी कॅलेंडर बघतो आणि मग 'बरोबर' म्हणतो. हे माझे यजमान, श्रीधर पोटनीस. उभी नोकरी बँकेत झाली. चेक आला की नमुना सहीचं कार्ड काढायचं, दोन्ही सह्या शेजारी ठेवायच्या, मान डावीकडे कलवायची, मग उजवीकडे, आणि मगच चेक पास करायचा. निवृत्त झाले, पण मान कलवणं काही सुटलं नाही. मी बाजारातून मेथी आणली तरी मान कलते.

त्यामुळे आमच्या नूपुरने दिवाळीत, फराळाच्या ताटावर, "बाबा, मला भूपेश हेडाऊशी लग्न करायचंय," असं सांगितलं तेव्हा काय झालं असेल ते तुम्हीच ओळखा. मान डावीकडे. मान उजवीकडे. "पाहू," हे म्हणाले.

संक्रांत आली तरी ते 'पाहू' जागचं हललं नव्हतं. मुलगा इंजिनीअर, मिहानमध्ये नूपुरच्याच कंपनीत. घर गोळीबार चौकात. वडील ईश्वरदास जातीने कोष्टी, पिढीजात विणकर. हातमागाचं काम आटलं तसे ते एका कापडदुकानात लागले. "त्यांच्याकडे आपली ओळख कोणाची आहे?" हे विचारायचे. "चौकशी करायची तरी कुठे?" मी स्पष्टच बोलते, मला आडपडदा जमत नाही. आमचं घराणं भोसल्यांच्या काळात नागपुरात आलं, पिढ्यानपिढ्या लेखणी चालवत राहिलं आणि सोयरिकी आपल्याआपल्यातच करत राहिलं. ह्यांना जात आडवी येत होती आणि तसं बोलायची लाज वाटत होती. म्हणून ती 'चौकशी'. मला याचा असा राग यायचा की पोळ्या करपायच्या. पण नूपुर माझ्याहून हट्टी. "आई, भांडून किंवा रडून होकार नको मला," ती म्हणाली. "बाबांनी मनापासून हो म्हटलं तरच लग्न. नाहीतर नाही." आणि ती खरंच तशी वागली असती. त्यामुळे माझा जीव टांगणीला.

आता दुसरी गोष्ट. हे रामदासपेठेतल्या एका लहानशा वाचनालयाचे मानद सचिव आहेत. तिथे कोणीतरी दान दिलेला जुनापुराणा संगणक होता. सुरू व्हायलाच त्याला चहा होऊन जाईल इतका वेळ लागायचा. नूपुरने त्यावर लिनक्स घातलं आणि पुस्तकांच्या देवघेवीसाठी 'कपाट' नावाचा एक मोफत प्रोग्रॅम बसवून दिला. संगणक पळायला लागला. हे खूश झाले आणि त्यांनी कपाट बनवणाऱ्याला आभाराचा ईमेल पाठवला. नाव माहीत नव्हतं, म्हणून मायना लिहिला, 'मा. कपाटसाहेब यांस, स. न. वि. वि.'

तिकडून उत्तर आलं. मग ह्यांनी शंका विचारली. त्याचंही उत्तर आलं. दोन वर्षं असा पत्रव्यवहार चालला, की मला सवत आल्यासारखं वाटायला लागलं. कपाटसाहेबांनीच ह्यांना शिकवलं की इंटरनेटवरून आलेला कुठलाही नवा प्रोग्रॅम, कुठलीही सुधारणा, डोळे मिटून बसवायची नाही. वाटेत कोणी बदलून खोटी ठेवली असेल तर? म्हणून बनवणारा आपल्या गुप्त किल्लीने तिच्यावर सही करतो. त्या किल्लीची एक उघडी जोडीदार किल्ली सगळ्यांना दिलेली असते. आपला संगणक ती लावून सही पडताळतो.

"अगं, म्हणजे हे आपलं नमुना सहीचं कार्डच की!" हे खुर्चीतून उठलेच. त्या दिवशी ह्यांचं तारुण्य परत आलं. स्वतःची किल्ली करून घेतली. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायला शिकले. कपाटसाहेबांचं एक वाक्य तर त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवलं: 'मी पाठवलंय असं मी स्वतः सांगितलं, तरी पडताळल्याशिवाय बसवू नका.' "याला म्हणतात माणूस," हे म्हणायचे. "नाहीतर आजकालची मुलं."

गंमत अशी, की आजकालच्या मुलांतला तो मुलगा आणि हे कपाटसाहेब एकच. मला ठाऊक होतं, नूपुरला ठाऊक होतं. ह्यांना सांगायचं नाही, असं नूपुर आणि भूपेशने ठरवलं होतं. भूपेशला वशिला नको होता. "मला काकांनी मी म्हणून हो म्हणावं," तो म्हणाला होता. दोघंही एकाच माळेचे मणी.

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात कपाटची सुधारणा आली. ह्यांनी ती उतरवून घेतली, सही पडताळायची आज्ञा दिली, आणि संगणक म्हणाला, ही किल्ली माझ्याकडे नाही. हे चपापले. कपाटच्या वेबसाइटवर सूचना होती: आमचा लॅपटॉप उमरेडच्या बसमध्ये चोरीला गेला, त्यासोबत जुनी किल्लीही गेली, आता तिच्यावर विश्वास ठेवू नका, ही घ्या नवी.

"असंच तर चोर म्हणेल," हे म्हणाले. तरी त्यांनी नवी किल्ली घेऊन पुन्हा पडताळलं. पडद्यावर जे आलं ते ह्यांनी मला मराठीत वाचून दाखवलं. सही बरोबर आहे. सही करणारा: भूपेश ईश्वरदास हेडाऊ. आणि खाली इशारा: ही सही त्याच माणसाची आहे, याला कोणाचाही दुजोरा नाही.

जुनी किल्ली 'कपाट' या नावाने होती. नवी करताना, लोकांनी भरवसा ठेवावा म्हणून, पठ्ठ्याने सरळ स्वतःचं नाव घातलं होतं.

तुम्हाला वाटेल, आता उलगडा झाला. छे! ह्यांच्या डोक्यात उलगडा झाला तो असा, की आपल्या मुलीच्या मागे लागलेल्या त्या मुलाने आपल्या कपाटसाहेबांची जागा बळकावली. त्यांची वेबसाइट ताब्यात घेतली, खोटी किल्ली चढवली आणि सासऱ्यावर छाप पाडायला निघाला!

"तोतया!" हे ओरडले. "नीला, मी म्हणत नव्हतो, चौकशी पाहिजे?"

नूपुर धावत आली. "बाबा, तोतया काय? तोच आहे कपाटवाला. पहिल्यापासून तोच. तुम्ही दोन वर्षं त्यालाच पत्रं लिहून राहिलात."

"असं तू म्हणतेस."

"मी म्हणते म्हणजे? जुनी किल्ली नव्हती का मीच पडताळून दिली?"

"तेव्हा तू फक्त माझी मुलगी होतीस," हे म्हणाले. "आता तुझा हितसंबंध आहे. हितसंबंध असलेल्याची ओळख बँक घेत नाही."

मला हसावं की ह्यांना लाटण्यानं बडवावं, कळेना. नूपुरचा चेहरा मात्र उतरला. इतके दिवस बाबांना भूपेश अनोळखी वाटत होता, आता भामटा वाटायला लागला. दारामागे जाऊन तिने त्याला फोन लावला. मी होते तिथेच कान देऊन उभी राहिले. "तू काहीतरी कर रे, सांग त्यांना," ती म्हणत होती. तिकडून तो काय म्हणाला ते ऐकून तिने कपाळाला हात लावला आणि फोन स्पीकरवर टाकला.

"काका बरोबर बोलून राहिले," भूपेश म्हणत होता. "माझ्याऐवजी दुसऱ्याने असं केलं असतं, तर मीच त्यांना म्हटलं असतं की बसवू नका. मी सांगून काय उपयोग? त्यांनी मला तपासायला पाहिजे."

हे आतून ऐकत होते. मान एकदा कलली.

मग ह्यांनी बँकेच्या रीतीने रस्ता काढला. पूर्वी खातं उघडायचं तर जुना खातेदार ओळख द्यायला लागायचा. मी या इसमाला ओळखतो, म्हणून सही करायची. ह्यांची काही वर्षं पारशिवनीच्या शाखेत गेली. तिथे निम्म्या तालुक्याची ओळख महादेवराव नावाच्या एका जुन्या खातेदाराने दिलेली, आणि त्यातली एकही खोटी निघाली नाही. एकदा त्यांचाच पुतण्या आला, तर महादेवराव म्हणाले होते, "ह्याले मी चांगला ओळखतो साहेब, म्हनूनच सही नाही करत." आता ते पारशिवनीचं वाचनालय बघतात, आणि कपाटसाहेबांनी एका पत्रात लिहिलं होतं की त्या वाचनालयात मी स्वतः जाऊन कपाट बसवलं. म्हणजे महादेवरावांनी खरा माणूस डोळ्यांनी पाहिला होता.

ह्यांनी फोन केला. महादेवराव म्हणाले, "फोनवर नाही सांगत साहेब. चेहरा पाहीन, मंग सांगीन."

ठरलं. रविवारी सकाळी भूपेशने आमच्या घरी यायचं. आधार कार्ड आणायचं. साक्षीला महादेवराव. नूपुरने तसा निरोप दिला.

रविवारी दाराची घंटा वाजली. मी दार उघडलं तर भूपेशच्या मागे त्याचे आईवडील. ईश्वरदासांच्या अंगावर कडक इस्त्रीचा पांढरा सदरा. मैनाबाईंच्या अंगावर ठेवणीतलं लुगडं, केसात अबोलीचा गजरा, हातात सांबारवड्यांचा, म्हणजे आमच्याकडच्या कोथिंबिरीच्या वड्यांचा, डबा. आणि ईश्वरदासांनी दोन्ही हातांवर धरलेली, सुती कापडात गुंडाळलेली साडी. भूपेश मागे उभा, लाल झालेला, ताजी दाढी केलेला.

मी गडबडले. "या ना, या," म्हटलं आणि ह्यांच्याकडे पाहिलं. हे संगणकासमोर ताठ बसलेले.

मैनाबाईंनी मला बाजूला घेतलं. "बाई, हॉल तं सजवला नाही तुमी?"

"सजवायचा होता का?"

"आता पाहा. नूपुरनं सांगतलं, आधार कार्ड घेऊन या, साक्षीदार येऊन राहिला. आधार कार्ड न् साक्षीदार कायले लागते? मी ह्यायले म्हटलं, पोटनीस कोर्टातलं लग्न लावून राहिले. साधे मानसं हायेत, बडेजाव नाही पाहिजे त्यायले. या पोराले विचारलं तं म्हने, आई, किल्लीचं काम हाये. किल्लीले कोनी आधार कार्ड आनते का वं?"

मी तोंडाला पदर लावला. खरं सांगू, मला त्या बाईचा जो लोभ वाटला तो तिथेच. आणि मग ईश्वरदासांनी कापडाची घडी उलगडली. करवतकाठी रेशमी साडी, तिच्या काठाचे दाते असे रेखीव की बोट फिरवावंसं वाटलं. "बरेच वर्षं झाले, माग बंद होता माहा," ते हळूच म्हणाले. "पोरानं दिवाळीले नूपुरबाईचं नाव सांगतलं, तवा पुन्हा लावला." आमच्या घरात 'पाहू' चाललं होतं तितके दिवस हा माणूस तिकडे बसून आमच्या मुलीसाठी साडी विणत होता. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. ह्यांनीही साडीकडे पाहिलं. मान कलायला निघाली आणि मधेच थांबली.

तेवढ्यात महादेवराव आले. डोक्याला पांढरा दुपट्टा, हातात काठी. सगळ्यांना नमस्कार झाला. हे म्हणाले, "महादेवराव, हा मुलगा. बघा."

महादेवरावांनी चष्मा काढला, दुपट्ट्याने पुसला, पुन्हा लावला. भूपेशला पुढून पाहिलं, बाजूने पाहिलं. नूपुर माझा दंड धरून उभी होती, तिची नखं रुतत होती.

"हा तं तो नाही वाटत गा," महादेवराव म्हणाले.

ह्यांचा चेहरा काळा पडला. आणि मी ते पाहिलं म्हणून सांगते: तो जिंकलेल्या माणसाचा चेहरा नव्हता. त्यांनाही वाईट वाटलं होतं.

"त्याले तं ही एवढी दाढी होती," महादेवरावांनी छातीपर्यंत हात नेला.

"मीच काढाले लावली!" मैनाबाई उठल्याच. "सोयऱ्याच्या घरी का दाढी घेऊन जातेत?"

"ते ठीक हाये बाई. पन दाढी कोनीबी काढू शकते." महादेवराव काठीवर हनुवटी टेकून बसले. "पोरा, तूच सांग. माह्या घरी जेवाले बसला, तवा काय झालं?"

भूपेशने आईकडे चोरून पाहिलं. मग खाली मान घालून म्हणाला, "काकूंनी भरली वांगी केली होती. मी वांगं खात नाही. त्यांना वाटलं, मी रुसलो. त्या मागच्या दाराशी जाऊन रडल्या. मग मी एक वांगं पाण्याच्या घोटाबरोबर गिळलं, तेव्हा त्या हसल्या."

महादेवरावांनी काठी अशी आपटली की बशीतली सांबारवडी उडाली. "हाच तो! साहेब, हाच! अख्ख्या जिल्ह्यात वांगं न खानारा मी एकच पाह्यला! माही बायको अजून सांगत असते, त्या पोट्ट्यानं माह्यासाठी वांगं गिळलं म्हून!"

"पारशिवनीत गिळलं?" मैनाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "घरी तं ताटावरून उठते!"

हसू आवरेना कोणाला. महादेवराव मात्र ह्यांच्याकडे वळले. "साहेब, हा पोरगा माह्याकडे दोन दिवस होता. म्हाताऱ्या वाचकांले दिसत नाही म्हून अक्षर मोठं करून देल्लं. जाताना म्हने, काका, मी पाठवलं म्हून काहीबी लावू नका, तपासून घ्या. आता सांगा, मी सही कुठं करू? किल्लीवर करतो, अन् लग्नाचा कागद असन तं त्याच्यावरबी करतो."

ज्या माणसाने सख्ख्या पुतण्याला सही दिली नाही, तो न मागता सही द्यायला निघाला होता. ह्यांनी चष्मा काढला, नाक ओढलं.

पण काम अर्धं ठेवतील तर ते पोटनीस कसले? "आधार कार्ड," हे म्हणाले. भूपेशने दिलं. नाव, फोटो जुळला. "आता ठसा."

प्रत्येक किल्लीचा एक ठसा असतो, आकडे आणि इंग्रजी अक्षरांची लांबच लांब रांग. दोन किल्ल्यांचा ठसा एकसारखा नसतो. भूपेशने स्वतःकडचा वाचायचा आणि ह्यांनी पडद्यावरच्याशी ताडायचा. भूपेश उभा राहिला आणि हळूहळू वाचू लागला. सात, सी, नऊ, ई. "बरोबर," हे म्हणायचे. पुढची चार. "बरोबर."

मैनाबाईंनी डोक्यावर पदर घेतला, हात जोडले, डोळे मिटले. मग माझ्याकडे झुकून विचारलं, "मंत्र इंग्रजीत हायेत का, वं?"

मी मान हलवून हो म्हटलं. काय बिघडलं?

शेवटचं 'बरोबर' आलं. ठसा जुळला. आता ह्यांनी स्वतःच्या किल्लीने भूपेशच्या किल्लीवर सही करायची: मी या माणसाला समक्ष भेटलो, किल्ली त्याचीच आहे. संगणकाने एक प्रश्न विचारला. तुम्ही या माणसाची ओळख किती काळजीने पडताळली? उत्तरं खाली होती: सांगत नाही, मुळीच नाही, वरवर, अतिशय काळजीने. हे थांबले. वळून एकदा ईश्वरदासांकडे पाहिलं, मांडीवरच्या साडीकडे पाहिलं, नूपुरकडे पाहिलं. मग 'अतिशय काळजीने' निवडलं आणि सही केली.

"आता बघा," असं म्हणून ह्यांनी सुधारणा पुन्हा पडताळली. सही बरोबर आहे. सही करणारा: भूपेश ईश्वरदास हेडाऊ. खालचा इशारा गेला होता. तिथे काहीच नव्हतं.

मैनाबाईंनी एक डोळा उघडला. "झालं का लग्न?"

आणि श्रीधर पोटनीस हसले. असे हसले, की खुर्ची मागे सरकली. मी इतक्या वर्षांत त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. "नाही हो, ताई," ते डोळे पुसत म्हणाले. "असं कसं लावू? एकच मुलगी आहे मला. आधी साक्षगंध करू, तुमच्या घरी, माग जिथे आहे त्या खोलीत. मला तो बघायचाय. तारीख तुम्ही सांगा." मग ते उठून ईश्वरदासांपुढे उभे राहिले. "इतके दिवस तुम्हाला ताटकळत ठेवलं. चुकलं माझं."

ईश्वरदासांनी ह्यांचे दोन्ही हात हातात घेतले. नूपुर ह्यांच्या पाठीला बिलगली. भूपेश कोणाच्या पाया आधी पडायचं या गोंधळात महादेवरावांच्या पडला. मी आत जाऊन साखरेचा डबा आणला आणि सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली, रडत, हसत, दोन्ही एकदम.

त्या आनंदात कपाटची सुधारणा बसवायची राहूनच गेली. ती ह्यांनी दुसऱ्या दिवशी बसवली, आणि पुस्तक शोधताना एक अडचण आली म्हणून नेहमीप्रमाणे पत्र लिहायला बसले. मी मागे उभी राहून पाहिलं. 'मा. कपाटसाहेब' एवढं टाइप केलं, खोडलं. मग लिहिलं, 'चि. भूपेश यास अनेक आशीर्वाद.' पुढे अडचण सविस्तर, आणि खाली स्वतःच्या किल्लीची सही.

दुपारी उत्तर आलं. मायना मला दुरूनच दिसला, 'ती. बाबांस, शि. सा. न.' ह्यांनाही दिसलाच असणार. पण ह्यांनी आधी सही पडताळली. खरी निघाली. मग चष्मा पुसला आणि पत्र वाचायला घेतलं.